ग्राफिक्स कार्डाची मेमरी ओव्हरक्लॉक कशी करावी

कोपरीचा पूल रुंद व्हायच्या आधी ज्यांनी ठाण्याहून मुंबईला गाडी नेली आहे, त्यांना मेमरी बँडविड्थ वेगळी समजवावी लागत नाही. दोन्हीकडे महामार्ग ऐसपैस, मध्ये पूल चिंचोळा. इंजिन कितीही दमदार असो, गाडी रांगेतच. ग्राफिक्स कार्डाच्या चिपलाही मेमरीतून डेटा वेळेवर मिळाला नाही, तर ती ताटकळत बसते.

बँडविड्थ म्हणजे सेकंदाला मेमरी आणि चिप यांच्यात किती डेटा जाऊ शकतो. तिचा हिशोब सोपा आहे. मेमरी बसची (मेमरी आणि चिप जोडणाऱ्या तारांच्या वाटेची) रुंदी बिटांत, गुणिले दर पिनचा (त्यातल्या एका तारेचा) सेकंदाचा वेग गिगाबिटमध्ये, भागिले आठ. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाची बस १९२ बिट आणि वेग १५, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६० नवं, वेगही १७, पण बस १२८ बिटचीच. म्हणून बँडविड्थ २७२. (तिथे मोठी कॅश, म्हणजे चिपमध्येच असलेली छोटी वेगवान मेमरी, ही उणीव बरीच भरून काढते, तेव्हा एवढ्या एका आकड्यावरून दोन पिढ्या तोलू नका.) मेमरीचा परिणाम बघायचा तर जीटीएक्स १६६० आणि १६६० सुपर बघा. दोन्हींत कोअर (हिशोब करणारे भाग) १४०८च, पण जीडीडीआर५ प्रकारच्या मेमरीच्या जागी जीडीडीआर६ आली आणि बँडविड्थ १९२ वरून ३३६ जीबीवर गेली. सुपर गेममध्ये पुढे असतं ते त्यामुळेच.

बस रुंद करणं आपल्या हातात नाही, वेग मूळ वेगापेक्षा थोडा वाढवता येतो. यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. एमएसआय आफ्टरबर्नर (याने वेग बदलता येतो) आणि जीपीयू-झेड (हे कार्डाची माहिती दाखवतं) हे प्रोग्रॅम टाकून घ्या. ३०६० वर पहिल्यात सुमारे ७५०० मेगाहर्ट्झ दिसेल, दुसऱ्यात १८७५. मोजायची पद्धत वेगळी, वेग तोच. काहीही न बदलता सुपरपोझिशन बेंचमार्क, म्हणजे कार्डाला गुण देणारी चाचणी, तीनदा चालवा आणि स्कोअर वहीत लिहा. मग कोअर आणि व्होल्टेजला हात न लावता आफ्टरबर्नरमध्ये मेमरी क्लॉक +१०० करा, बरोबरची खूण दाबा, पुन्हा चालवा, पुन्हा लिहा. असंच शंभर-शंभरने वर. +५०० ला ७५०० चे ८००० होतात, दर पिनचा वेग त्याच्या दुप्पट, म्हणजे १६ गिगाबिट, आणि बँडविड्थ ३८४. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम त्या प्रमाणात वाढतीलच असं नाही. जो गेम मेमरीसाठी अडलेलाच नाही, त्यात फरक जाणवणारही नाही.

आता खरी मेख. माझ्या कार्डावर +१००० ला चित्र स्वच्छ होतं, एकही ठिपका नाही. वहीत पाहिलं तर स्कोअर +८०० पेक्षा कमी! जीडीडीआर६ मध्ये चुकीचा पोचलेला डेटा ओळखता येतो आणि तो पुन्हा पाठवला जातो. म्हणजे त्याच मालाच्या दोन खेपा. पडद्यावर याचा मागमूस नसतो, म्हणून वही हवीच. रंगीत ठिपके, लुकलुकणं, काळा पडदा हे त्याच्याही पुढचं. तिथे लगेच मागे फिरा. स्कोअर वाढायचा थांबला की तिथून १०० ते १५० खाली या.

शेवटची चाचणी दुपारी घ्या. नौपाड्यातल्या माझ्या खोलीत एसी नाही. जानेवारीत रात्री ठरवलेलं सेटिंग मेमध्ये दुपारी तीनला गेम बंद पाडू लागलं. पंख्याचा वेग थोडा वाढवला, मेमरी आणखी १०० ने उतरवली, तेव्हा बसलं.

सेटिंग प्रोफाइलमध्ये जतन करा, पण विंडोज सुरू होतानाच ते लागू करायचा पर्याय आठवडाभर बंदच ठेवा. तोवर कार्ड अडकलं, तर मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की ते मूळ वेगावर येतं.