रविवारी शिजवलं, बुधवारी फेकलं: व्हीगन स्वयंपाकाच्या तयारीत या चुका टाळा

व्हीगन, म्हणजे दूध-तूप-मधही वगळून, खायचं ठरलं की बऱ्याच घरांत पहिली खरेदी होते ती बदामाच्या दुधाची, टोफूची आणि कसल्यातरी महागड्या चीजची. पंधरा दिवसांत टोफू फ्रीजच्या कोपऱ्यात आंबतो आणि ‘हे आपल्याला झेपणारं नाही’ असा निकाल लागतो. खरं तर मटकीची उसळ, काळ्या मसाल्याची आमटी, पिठलं, ठेचा, भरीत, नागलीची (नाचणीची) भाकरी हे नाशिकच्या घरात रोजचंच आहे. दह्याची वाटी बाजूला सारली तर मिसळसुद्धा त्यात बसते. पदार्थांची अडचण नाहीच. घोळ होतो तो साठवण्यात.

सगळं शिजवून ठेवणं

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचा डबा भल्या पहाटे भरावा लागतो. म्हणून रविवारी पाच भाज्या करून डबे रचून ठेवायचा मोह होतो. पण शिजवलेली भाजी फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस टिकते. तोवर भेंडीला तार सुटते आणि मेथी काळी पडते. फ्रीझरमध्ये टाकावी तर बटाटा पाणी सोडून भुसभुशीत होतो.

भाजी साठवू नका, भाजीची तयारी साठवा. वाटण, उकडलेली कडधान्यं, दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, निवडून कोरडी पुसलेली पालेभाजी एवढं हाताशी असलं की सकाळी ताजी फोडणी देऊन पंधरा-वीस मिनिटांत भाजी होते आणि चवीला शिळी लागत नाही. ही तयारीही आठवडाभराची एकदम नको. रविवारी एकदा आणि बुधवारी गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बाजार झाला की दुसऱ्यांदा, असे दोन भाग बरे पडतात.

वाटणावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त नासतं तेच. ओल्या नारळाचं वाटण साठवायचं नसतं, ते लवकर आंबतं. साठवणीला सुकं खोबरं घ्या आणि मंद आचेवर तांबूस भाजा. कांदा उभा चिरून तेलावर परता, पण गुलाबी झाला म्हणून उतरवू नका. तो आक्रसून तपकिरी झाला पाहिजे. अर्धवट परतलेल्या कांद्यात पाणी राहतं आणि तिसऱ्या दिवशी डबा उघडला की आंबूस वास येतो. सगळं पूर्ण गार झाल्यावर पाणी न घालता वाटा. मिक्सर फिरत नसेल तर चमचाभर तेल सोडा. मग बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढेच ठोकळे काढा. ट्रे बाहेर काढून, वितळवून, पुन्हा आत ठेवण्याचा उद्योग करू नका.

कच्चा कांदा मात्र आदल्या दिवशी चिरून ठेवण्यात अर्थ नाही. तो कडसर होतो आणि फ्रीजभर वास सुटतो. पोत्याने घ्यायचा असेल तर उन्हाळी कांदा घ्या. पावसाळ्यानंतर येणारा लाल पोळ कांदा टिकाऊ नसतो, हे लासलगाव-निफाडकडच्या कुणालाही विचारा.

मोड येत नाहीत, डाळ शिजत नाही

डिसेंबर-जानेवारीत इकडे थंडी पडली की मटकी रुसते. मग लोक ती अजून एक रात्र पाण्यातच ठेवतात आणि सकाळी पाण्यावर फेस दिसतो. मोड यायला ओल आणि ऊब लागते, पाण्यात बुडवून ठेवून ते येत नाहीत. आठ-दहा तास भिजवून पाणी पूर्ण निथळा, फडक्यात सैल बांधा आणि पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून गॅसजवळ ठेवा. थंडीत दीड-दोन दिवस धरूनच चला. उन्हाळ्यात उलटं, मोड झटपट येतात आणि तितक्याच झटपट चिकट होतात. त्यामुळे मधे एकदा-दोनदा धुऊन घ्या आणि मोड आले की लगेच फ्रीजमध्ये टाका. डब्यात कच्चे मोड देण्यापेक्षा वाफवून दिलेले चांगले. ज्या ओलाव्यात आणि उबेत मोड येतात त्यातच जंतूही वाढतात.

हरभरा किंवा राजमा चार शिट्ट्यांनंतरही दगडासारखा राहिला तर तीन संशयित असतात. कडधान्य जुनं आहे, बोअरचं पाणी जड आहे, किंवा चिंच-टोमॅटो आधीच घातलाय. आंबट नेहमी नंतर. पाणी जड असेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला, पण चिमूटभरच, नाहीतर साबणासारखी चव येते.

रात्रीचा भात ओट्यावर

मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि आपण मात्र ‘गार झाला की ठेवू’ म्हणत कुकर रात्रभर बाहेर ठेवतो. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत, उबेत वाढतात, आणि त्यांचं तयार झालेलं विष सकाळी परतल्याने जात नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांत, उन्हाळ्यात तर तासाभरात फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. परातीत पसरलं की लवकर निवतं. खोल पातेल्यापेक्षा उथळ डबे घ्या.

दुधाचा हट्ट

सोया दूध चहात फुटतं म्हणून तक्रार असते. चहा खाली उतरवा, अर्धा मिनिट थांबा आणि दूध कोमट करून घाला. इतकं करूनही रोज फुटत असेल तर कोरा चहा प्या, तोही चांगला लागतो.

दही घरी होतं. रात्रभर भिजवलेले शेंगदाणे सोलून, पाणी घालून वाटा, गाळा, ढवळत उकळा आणि कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीचे पाच-सहा देठ घाला. पहिलं दही उग्र लागतं, ते विरजण समजा आणि त्याने दुसरं लावा. कढीसाठी बेसन आधीच गार दह्यात कालवा, नाहीतर कढी फुटते.

‘सगळं शाकाहारीच तर आहे’

डाळ-भात खातोय म्हणजे पोषणाचं झालं, हा समज महाग पडतो. बी-१२ वनस्पतींतून भरवशाचं मिळत नाही. पूर्ण व्हीगन खाणाऱ्याला गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ लागतातच. मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या. कॅल्शियमची काळजी तेवढी नको: पेठ-सुरगाण्याकडची नागली 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम देते, वर तीळ आहेतच. लोहासाठी पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका.

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून खरेदी करू नका. दूध, दूध पावडर आणि मधालाही हिरवा ठिपकाच असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2022 च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या ‘व्ही’चं वेगळं चिन्ह आहे. ते नसेल तर मागचे घटक वाचा. पाव आणि बिस्किटात दूध पावडर बरेचदा निघते.

घरात मात्र चिन्ह नसतं. सासूबाईंना किंवा आईला ‘तूप नको’ म्हटलं की वरणावर थोडंसं पडतंच, प्रेमानं. त्यांना काय नको हे सांगण्यापेक्षा त्याऐवजी काय घालायचं ते हातात द्या. भाजलेल्या खुरासणीची (कारळ्याची) लसूण घालून केलेली चटणी कच्च्या शेंगदाणा तेलात कालवा, ती गरम भातावर आणि भाकरीवर दोन्हीकडे चालते. फक्त थोडी थोडी करा, खुरासणी तेलकट असल्याने उन्हाळ्यात लवकर खवट होते.