ज्योतीचा रंग पाहायचा तर आधी तार धुवा

वरणाला उकळी येते, फेस पातेल्याच्या कडेवरून खाली उतरतो आणि शेगडीची निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात हे झालं, तेव्हा माझा दहावीतला भाचा शेजारीच उभा होता. म्हणाला, "मावशी, हा सोडियम आयनचा रंग ना?"

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं फ्लेम फोटोमीटर, म्हणजे ज्योतीच्या रंगाची तीव्रता मोजून धातूचं प्रमाण सांगणारं यंत्र, चालवला आहे, म्हणून त्याला तिथेच थांबवलं. मिठात सोडियम आयनच, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला विद्युतभारित अणूच असतो, हे खरं. पण ज्योतीत मिठाची वाफ होते आणि ज्योतीतले हायड्रोजनचे सुटे अणू त्यातला क्लोरीन ओढून घेतात. उरतो तो विद्युतभार नसलेला सोडियमचा अणू. त्याच्या बाहेरच्या कक्षेतला एकटा इलेक्ट्रॉन उष्णतेच्या धक्क्याने वर चढतो आणि साधारण 16 नॅनोसेकंदांत खाली येतो. तेवढ्यात जो प्रकाश बाहेर पडतो, तो 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरचा पिवळा. आयनने तो इलेक्ट्रॉन आधीच गमावलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडून हा पिवळा रंग येऊच शकत नाही.

हे घरी नीट पाहायचं असेल तर सगळी मेहनत पदार्थ ज्योतीत धरायची तार स्वच्छ करण्यात आहे. जुन्या हीटरच्या कॉइलमधली निक्रोमची वीतभर तार घ्या. एका टोकाला मोहरीच्या दाण्याएवढं वेटोळं करा आणि दुसरं टोक कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धरा. वैज्ञानिक साहित्याच्या दुकानातून थोडं शुद्ध हायड्रोक्लोरिक ॲसिड आणा. फरशी धुवायचं पिवळं ॲसिड नको, त्यात लोह असतं. ते पातळ करायला बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, नळाच्या पाण्यात सोडियम हटकून सापडतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, खिडक्या उघड्या हव्यात, मुलांच्या शेजारी मोठं माणूस हवं. आम्ही जेवणाच्या शेगडीवर हे करत नाही. गच्चीवर एक छोटी शेगडी वेगळी ठेवली आहे.

आता वेटोळं ॲसिडमध्ये बुडवा आणि ज्योतीच्या निळ्या भागाच्या कडेला धरा. पिवळा भडका उडेल. परत बुडवा, परत धरा. चौथ्या-पाचव्या खेपेला पिवळा फिका पडतो, मग नुसती नारिंगी झाक उरते, आणि आठ-दहा खेपांनंतर तार लालबुंद तापते पण ज्योत निळीच राहते. तार तयार झाली. यानंतर वेटोळ्याला बोट लावायचं नाही. बोटाच्या घामातलं मीठही डोळ्याला दिसेल एवढा पिवळा रंग देतं. भाच्याने लावलं, आणि आम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

पदार्थ गावातच मिळतात. पानाचा चुना ॲसिडच्या थेंबात भिजवून धरला की विटकरी-नारिंगी रंग येतो. तो मुख्यतः कॅल्शियम मोनोहायड्रॉक्साइडच्या रेणूचा, ज्योतीतच तयार झालेल्या CaOH चा. मोरचूद ॲसिडसह धरलं तर निळा-हिरवा. निळा तांब्याच्या क्लोराइडच्या रेणूमुळे. मोरचूद विषारी आहे, हात धुतल्याशिवाय कशाला हात लावू नका. बोरिक ॲसिडची पावडर, जी आपण कॅरमवर टाकतो, ती हिरवा देते; डबीवर 'बोरिक' लिहिलंय ना ते वाचून घ्या. खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, जांभळा देतं, पण सोडियमच्या पिवळ्याखाली तो दबून जातो. कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहिलं की पिवळा गाळला जातो आणि जांभळा दिसतो.

एक ताकीद: मेथिल अल्कोहोलमध्ये क्षार विरघळवून पेटवायचा प्रयोग कुठेही पाहिला असेल तरी करू नका. ज्योतीवर अल्कोहोल ओतताना विद्यार्थी गंभीर भाजले आहेत.

अंधार करून जुन्या सीडीवर ज्योतीचं प्रतिबिंब तिरपं पाहा. सीडीवरच्या रेघा 1.6 मायक्रॉनच्या अंतरावर असतात, त्या प्रकाश फोडतात. सोडियम एकाच जागी पिवळा दिसतो. चुना मात्र नारिंगी आणि हिरवे रुंद पट्टे दाखवतो, कारण रेणूंना अणूंसारख्या नेमक्या रेषा नसतात. बुनसेन आणि किरखॉफ हे जर्मन शास्त्रज्ञ हेच हायडेलबर्गला लोलकाने करत होते. 1860 साली ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्यात त्यांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या आणि सिझियम हा नवा धातू सापडला.

मग ज्योतीत आयन असतात की नाही? असतात, आणि मला ते एका तक्त्यात भेटले. नोकरीच्या सुरुवातीला मी पोटॅशियम क्लोराइडचं शुद्ध द्रावण दुप्पट पातळ केलं. वाचन अर्ध्यावर यायला हवं होतं, आलं अर्ध्याहूनही कमी. अजून पातळ केलं, तूट वाढली. दोन दिवस नळ्या धुतल्या, नवीन द्रावणं केली, तेच. शेवटी आमच्या वरिष्ठ बाईंनी सगळ्या द्रावणांत सिझियम क्लोराइड घातलं आणि आलेख सरळ झाला. पोटॅशियमच्या अणूचा इलेक्ट्रॉन 4.34 इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्या ऊर्जेत सुटतो, सिझियमचा 3.89 मध्ये. अणू विरळ झाले की ज्योतीत त्यांचा मोठा वाटा आयन होतो, आणि आयन त्या रंगात चमकत नाही. सिझियम भरपूर इलेक्ट्रॉन सोडतं, ज्योत इलेक्ट्रॉनांनी भरते आणि पोटॅशियमचे आयन परत अणू होतात. हा समतोल भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी 1920 मध्ये ताऱ्यांच्या तापलेल्या वायूंसाठी मांडला होता. माझ्या टेबलावरच्या ज्योतीलाही तोच लागू पडत होता.

हे आयन घरीही ओळखता येतात. काचेच्या बरणीच्या प्लास्टिकच्या झाकणातून तांब्याची तार आत सोडा आणि खालच्या टोकाला पातळ ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या अडकवा. वरच्या टोकाला फॉइलचा गोळा. लोकरीवर घासलेला पीव्हीसी पाइप गोळ्याला लावून घासत न्या, पट्ट्या फाकतील आणि फाकलेल्याच राहतील. आता पेटलेली मेणबत्ती गोळ्यापासून चार-पाच बोटांवर आणा. पट्ट्या मिटतात, कारण ज्योतीतून वर येणारे आयन गोळ्यावरचा भार संपवतात. मेणबत्तीतले बहुतेक आयन धातूंचे नसतात. इंधन जळतानाच ते तयार होतात, त्यात हायड्रोनियम, म्हणजे पाण्याच्या रेणूला एक प्रोटॉन जोडून झालेला आयन, सगळ्यांत जास्त.

इंदूरला हे डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या थंडीत करा. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या मेणबत्तीशिवायच मिटतात.