उन्हानं छापलेलं कलेक्शन

प्रकाश आणि फोटोग्राफी ही थीम घेतली की बहुतेक विद्यार्थी फोटोचं डिजिटल प्रिंट कुर्त्यावर उतरवून मोकळे होतात. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि नागपुरात राहत असाल, तर माझं सांगणं एवढंच: उजेडाचं चित्र छापू नका, उजेडालाच कापडावर काम करू द्या. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

मी सायनोटाइप निवडलं, म्हणजे रसायन लावलेल्या कापडावर उन्हानं निळा ठसा उमटवण्याची पद्धत. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी तिच्यातून समुद्री शेवाळाचे निळे ठसे घ्यायला सुरुवात केली, तेही कॅमेऱ्याशिवाय.

गांधीबागेतून निव्वळ सुती मांजरपाट घ्या आणि धुऊन खळ पूर्ण काढा. पॉलिस्टरवर हा रंग धरत नाही. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. कापडाला लावताना दोन्ही द्रावणं समप्रमाणात मिसळा. हातमोजे घाला, आम्ल जवळपासही नको. कापड अंधारात वाळवा.

आधी कटिंग, मग प्रिंट, शिलाई शेवटी. एवढं पाळलंत तर ठसा नेमका कुठे बसणार हे तुमच्या हातात राहतं.

गच्चीवर कडुलिंबाची डहाळी कापडावर काचेखाली दाबून ठेवा. पोपटी-पिवळं कापड निळसर होत जातं आणि शेवटी राखाडी झाक येते, तेव्हा उचला. पाण्यात पिवळेपणा निघून जातो, पानांच्या जागा पांढऱ्या उमटतात. पान कापडाला चिकटलेलं असेल तिथे कड धारदार. देठ थोडा वर राहिला असेल तिथे धूसर. मला ही धूसर कड फार प्रिय आहे, कॅमेऱ्यातला फोकस तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतो.

घेरदार स्कर्टसाठी प्लीट्स (चुण्या) इस्त्री करून, घड्या मिटलेल्या असतानाच कापड उन्हात ठेवा. आतल्या भागाला उजेड लागत नाही, त्यामुळे मॉडेल चालू लागली की निळ्यातून पांढऱ्या पट्ट्या उघडतात. परीक्षक याच पीसपाशी सर्वाधिक रेंगाळले.

एप्रिलचं दुपारचं ऊन आणि डिसेंबरचं ऊन यांना वेळ सारखा लागत नाही. म्हणून प्रत्येक चाचणीच्या पट्टीवर तारीख, वेळ, मिनिटं लिहा आणि त्या पट्ट्या पोर्टफोलिओत लावा. नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न त्यांवरच येतात.

कपडे विकणार असाल तर लेबलवर ठळक लिहा: सौम्य साबण, सावलीत वाळवणे. धुण्याच्या सोड्यानं हा निळा उडतो.