कर्करुग्णाचा थकवा परिचारिकेने कसा तपासावा

केमोथेरपी किंवा रेडिएशन घेणारा रुग्ण ‘अशक्तपणा आहे’ एवढेच सांगून गप्प होतो, कारण थकवा हा उपचारांचाच भाग असून तो निमूट सोसायचा असतो, असे त्याला वाटते. म्हणून परिचारिकेने प्रत्येक भेटीत आपणहून त्याची चौकशी करावी. गेल्या ७ दिवसांतला थकवा ० ते १० या मापात किती, हे विचारून आकडा नोंदवावा: १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ पासून पुढे तीव्र.

आकडा ४ किंवा अधिक असल्यास खोलात जावे. थकवा केमोनंतर कितव्या दिवशी वाढतो, झोपून उठल्यावर उतरतो का? विश्रांतीनेही नीट न जाणे ही या थकव्याची खूण आहे. माझ्या मते आकड्यापेक्षा रोजची कामे अधिक सांगून जातात: अंघोळीला स्टुलावर बसावे लागते का, केस विंचरताना हात मध्येच खाली येतो का? मग हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, वेदना, झोप, जेवण, उदासी आणि चालू औषधे पाहावीत, कारण यांतील बऱ्याच गोष्टींवर इलाज करता येतो.

नातेवाइकांचे म्हणणे ऐकावे, पण आकडा रुग्णाच्याच तोंडून घ्यावा. ताप, धाप, छातीत दुखणे किंवा अचानक आलेली ग्लानी दिसल्यास मात्र प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टरांना तत्काळ कळवावे.