दत्तक मूल कोणाच्या रिटर्नवर दाखवायचे? अमेरिकेतील डिपेंडंटचा वाद कसा हाताळावा

दत्तक मूल डिपेंडंट (करदात्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून दाखवलेले कराचे रिटर्न ई-फाइल करताच, म्हणजे ऑनलाइन भरताच नाकारले गेले, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की त्या मुलाचा करासाठीचा ओळख क्रमांक दुसऱ्या कोणीतरी आपल्या रिटर्नवर आधी वापरला आहे. आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) त्या व्यक्तीचा हक्क मान्य केला आहे, असा नव्हे. त्यामुळे मुलाचे नाव घाईने वगळू नये. २०२४ या करवर्षापासून मुख्य करदात्याचा आयपी पिन (ओळख पटवण्यासाठी आयआरएस देते तो गुप्त क्रमांक) जोडल्यास असे रिटर्न ई-फाइलनेही स्वीकारले जाते; अन्यथा ते कागदावर, मुदतीत पाठवावे.

त्याआधी आपला हक्क तपासावा. करकायद्यात दत्तक मूल पोटच्या मुलासारखेच मानले जाते आणि न्यायालयाचा अंतिम आदेश यायचा असला, तरी दत्तकासाठी कायदेशीररीत्या आपल्याकडे सोपवलेले मूलही त्यात येते. मूल अर्ध्याहून अधिक वर्ष आपल्या घरी राहिलेले असावे लागते. मात्र ते वर्षाच्या मध्यात आले असेल, तर आल्यापासूनच्या काळाचा अर्ध्याहून अधिक भाग पुरतो. ही सवलत अनेकांच्या लक्षात येत नाही आणि नोव्हेंबरात घरी आलेल्या मुलावरचा हक्क विनाकारण सोडला जातो.

पालक आणि पालक नसलेला नातेवाईक यांच्यात वाद असल्यास पालकाचा हक्क आधी. दोन्ही दत्तक पालक विभक्त असतील, तर मूल ज्याच्याकडे अधिक रात्री राहिले त्याचा, आणि रात्री समान असतील तर ज्याचे समायोजित ढोबळ उत्पन्न (ठरावीक वजावटी केल्यानंतरचे एकूण उत्पन्न) जास्त त्याचा. दुसऱ्या पालकाला चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलासाठी मिळणारी करसवलत) द्यायचे ठरले असेल, तर मूल ज्याच्याकडे अधिक रात्री राहते त्या पालकाची फॉर्म ८३३२ वर सही लागते. २००८ नंतरच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातील कलम त्याऐवजी चालत नाही.

पुढे आयआरएसकडून सीपी८७ए ही सूचना येऊ शकते; तेच मूल दुसऱ्या कोणीही दाखवले आहे, असे ती कळवते. आपला दावा बरोबर असेल, तर त्यावर काही करावे लागत नाही. चूक आपली असेल, तर फॉर्म १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) भरून ती सुधारावी. दोघेही माघार घेत नसतील, तर पत्राद्वारे तपासणी होते आणि तेथे भावनेपेक्षा पत्ता महत्त्वाचा ठरतो. शाळेचे, डॉक्टरांचे किंवा समाजसेवा यंत्रणेचे असे पत्र मिळवावे, ज्यात मुलाचे नाव, आपले नाव, सामाईक पत्ता आणि त्या वर्षातील तारखा असतील. सोबत मूल सोपवल्याचे किंवा दत्तकाचे कागद जोडावेत.

मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक अजून मिळू शकत नसेल, तर फॉर्म डब्ल्यू-७ए भरून एटीआयएन (दत्तक प्रक्रियेतील मुलासाठीचा तात्पुरता कर क्रमांक) घ्यावा. त्यावर मूल डिपेंडंट म्हणून दाखवता येते, परंतु चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळत नाही. इतर डिपेंडंटसाठीचे ५०० डॉलरपर्यंतचे क्रेडिट मिळू शकते.