अ‍ॅबरफॉइल ते कॅलंडर: स्कॉटलंडच्या तळ्यांकाठचा एका गाडीपुरता रस्ता कसा चालवावा

ग्लासगोला मुलांकडे राहायला आलेल्या मराठी मंडळींना एक दिवस मोकळा मिळाला, की बहुतेक जण लॉख लोमंडच्या पश्चिम काठाचा हमरस्ता धरतात आणि वाहनांच्या रांगेतून तळे पाहून परततात. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी त्याऐवजी ट्रॉसॅक्स या डोंगर-तळ्यांच्या भागात नेते. तो २००२ साली स्थापन झालेल्या, स्कॉटलंडमधल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, आणि सकाळी निघून रात्रीच्या जेवणापर्यंत घरी येता येईल अशा बेताने तिथली बहुतेक मोठी तळी, जंगल आणि डोंगर पाहून होतात. ‘लॉख’ म्हणजे तळे. इंग्रजांच्या तोंडी ज्याचे ‘लॉक’ होते, तो शब्द आपण शेवटचा ‘ख’ घशातून जरा घासून सहज म्हणू शकतो.

गाडी भाड्याने घेताना लहानातली लहान घ्यावी. सात माणसांसाठी सात आसनी गाडी घेण्यापेक्षा दोन लहान गाड्या केव्हाही बऱ्या. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूकही डावीकडूनच असते, त्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण नाही. ग्लासगो सोडतानाच टाकी भरून घ्यावी आणि अ‍ॅबरफॉइल गाठावे.

अ‍ॅबरफॉइलहून आधी पश्चिमेकडे, बी ८२९ या रस्त्याने, इन्व्हरस्नेडला जावे. हे अंतर सुमारे २४ किलोमीटर आहे. लॉख आर्ड मागे पडले की रस्ता एका गाडीपुरताच उरतो आणि समोरून येणारी गाडीही त्याच पट्ट्यावरून येत असते. ‘सावकाश चालवा, काही होत नाही’ हा याबाबतचा सर्वात प्रचलित आणि सर्वात निरुपयोगी सल्ला आहे. सावकाश चालवूनच मी पहिल्या वर्षी चरात गेले होते.

प्रकार असा झाला. लॉख खॉनच्या पुढे समोरून एक गाडी येताना दिसली आणि मी सवयीने डिपर मारला. आपल्याकडे घाटात डिपर मारण्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा असतो. तिथे चालक त्याचा अर्थ ‘मी थांबले आहे, तुम्ही या’ असा घेतात. समोरचे गृहस्थ आभाराचा हात करून पुढे आले, मीही पुढे गेले आणि आम्ही बरोबर मधोमध नाकासमोर नाक लावून उभे राहिलो. तेव्हा मी दुसरी चूक केली, जी आपला प्रत्येक चालक करतो: डावीकडे साइडपट्टीवर चाक उतरवले. तिथे आपल्यासारखी मुरमाची साइडपट्टी नसते. वर हिरवे गवत आणि खाली पाण्याने भिजलेली, स्पंजासारखी काळी माती असते. चाक हळूहळू, आवाज न करता, पाऊण वितीपेक्षा जास्त आत गेले. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढून काढली आणि पैसे घेतले नाहीत.

म्हणून माझा पहिला नियम असा, की डांबर सोडायचे नाही. चाके डांबरावर किंवा पासिंग प्लेसमध्ये, तिसरी जागा नाही. पासिंग प्लेस म्हणजे रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतराने काढलेली, एक गाडी मावेल एवढी फुगीर जागा. तिथे खांबावर पांढरी पाटी असते. नजर बॉनेटपुढच्या रस्त्यावर ठेवण्यापेक्षा पुढच्या दोन पाट्यांवर ठेवावी आणि नुकतीच मागे पडलेली पाटीही लक्षात ठेवावी. समोर गाडी दिसली आणि जागा आपल्या डावीकडे असली, तर तिच्यात शिरून थांबावे. जागा उजवीकडे असली, तर मात्र तिच्यात कधीही शिरू नये. तिच्या समोर, आपल्याच बाजूला थांबावे, म्हणजे समोरचा त्या जागेतून वळसा घालून निघून जातो. उजवीकडच्या जागेत घुसणारे पाहुणे मी दर उन्हाळ्यात पाहते, आणि समोरच्याला काय करावे ते कळत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

चढ चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हा नियम आपल्या घाटातलाच आहे. बाकी वेळी ज्याला जागा जवळ असेल त्याने मागे जावे. पण समोर पर्यटकांची मोठी बस असेल (आणि इन्व्हरस्नेडच्या हॉटेलाकडे त्या येतात), तर नियम न काढता आपणच मागे जावे. मागे जाताना मान पूर्ण वळवून मागच्या काचेतून पाहावे, आणि दिशा ठरवण्यासाठी आपल्या खिडकीकडची, म्हणजे उजवी, डांबराची कड आरशात धरून ठेवावी. ती कड आणि चाक यांतले अंतर हातभर राहिले, की डावीकडे काय आहे याची चिंता उरत नाही. स्टिअरिंग बोटभरच फिरवावे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये, कारण पावसाच्या थेंबांनी तो दहा मिनिटांत आंधळा होतो. गर्दीच्या रस्त्यावर जाण्याआधी एखाद्या मोकळ्या वाहनतळावर पन्नास मीटर सरळ मागे जाण्याचा सराव करावा. ज्याला हे जमत नाही त्याने इन्व्हरस्नेडला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागून कोणी घाईत असेल, तर त्यालाही पासिंग प्लेसमध्ये थांबून वाट द्यावी. मात्र फोटोसाठी तिथे गाडी उभी करू नये. डिपर विसरावा, आणि हात मात्र प्रत्येक वेळी वर करावा.

लॉख आर्क्लेटनंतर शेवटचा उतार तीव्र आणि नागमोडी आहे; तो खालच्या गिअरमध्येच उतरावा. खाली धबधबा थेट लॉख लोमंडमध्ये पडतो. रस्ता इथे संपतो, त्यामुळे आल्या वाटेनेच परतायचे आहे, आणि परतीला चढ असल्याने हक्क आता आपला असतो.

अ‍ॅबरफॉइलहून उत्तरेला ए ८२१, म्हणजे ड्यूक्स पास, हा दुपदरी घाट लागतो. बी ८२९ नंतर तो सोपा वाटेल. याच घाटातून तीन तळ्यांच्या वनमार्गाचा फाटा निघतो. सुमारे ११ किलोमीटरचा हा खडीचा रस्ता एकेरी आहे, थोडे शुल्क आहे आणि हिवाळ्यात तो गाड्यांसाठी बंद असतो. समोरून कोणीही येणार नाही, ही खात्री सकाळच्या प्रकारानंतर फार सुखाची वाटते. लॉख ड्रंकीच्या काठी डबा खावा, पण वारा पडलेला असेल तर गाडीतच. उन्हाळ्यात तिथे मिज नावाची चिलटे ढगासारखी येतात आणि ती चावतात.

पुढे लॉख कॅट्रिन. ग्लासगोच्या नळाला १८५९ पासून याच तळ्याचे पाणी येते, म्हणून पाहुण्यांना मी सकाळचा चहा याच पाण्याचा होता असे सांगते. तिथून लॉख व्हेनाखरच्या काठाने कॅलंडरला पोहोचावे. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो; त्यानुसार निघण्याची वेळ ठरवावी.

गाडी परत करण्याआधी डाव्या बाजूच्या दोन्ही टायरांच्या भिंतींवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसून चिरा पाहाव्यात. पासिंग प्लेसच्या फुटलेल्या डांबराच्या कडा टायरांना तिथेच कापतात, आणि भाड्याच्या गाडीच्या मूळ विम्यात टायर बहुधा धरलेले नसतात.