फुलं तपकिरी पडतात, कार्ड वाकतं, रेझिनमध्ये बुडबुडे येतात? फुलापानांच्या कलाकृतींमधल्या या चुका टाळा

बागेतल्या फुलांची भेटकार्डं, वाचनखुणा, फ्रेम किंवा रेझिनची (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाची) पेंडंट पहिल्या दिवशी सुरेखच दिसतात. बिघडतं ते नंतर. पाकळ्या तपकिरी पडतात, काचेच्या आत बुरशीचे ठिपके उमटतात, कार्ड वाकतं. अशा वेळी दोष डिंकाला किंवा कागदाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या आधीचं असतं: फुलात पाणी राहिलेलं असतं. म्हणून हातकामापेक्षा वाळवणीकडे जास्त लक्ष द्या.

तोडणीतली चूक

भल्या सकाळी दव असताना किंवा पावसानंतर लगेच तोडलेल्या फुलांवर पाणी असतं आणि त्याचे डाग पडतात. भर दुपारी तोडलेली फुलं मलूल असतात, त्यांच्या पाकळ्या सरळ पसरत नाहीत. दव उडून गेल्यावर, ऊन तापायच्या आधी तोडा. फूल नुकतंच उमललेलं हवं. पूर्ण फुलून एक-दोन दिवस झालेलं फूल झाडावर ताजं दिसलं तरी वाळताना पाकळ्या गाळतं. तोडल्यावर तासाभरात दाबायला ठेवा.

कण्हेर, चाफा, अलामांडा यांच्या देठातून चीक निघतो. तो कागदावर डाग पाडतो आणि त्वचेलाही त्रास देऊ शकतो. कण्हेर तर सगळ्याच भागांत विषारी आहे. लहान मुलांसोबत काम करणार असाल तर ही फुलं वगळलेलीच बरी.

दाबलेली फुलं तपकिरी का होतात

दाबताना पाकळीच्या पेशी फुटतात. आतल्या द्रव्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो आणि विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) ती तपकिरी होतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं ती हीच क्रिया. पाणी जितका वेळ आत राहील तितकी ती चालू राहते. म्हणजे रंग टिकवायचा तर पाणी लवकर बाहेर काढायला हवं. नुसतं वजन वाढवून ते होत नाही.

जाड पुस्तकात फूल ठेवून महिनाभर विसरून जाणं ही सगळ्यात मोठी चूक. छापील पानांची शाई पाकळीवर उतरू शकते, चकचकीत कागद पाणी शोषत नाही आणि नक्षी असलेला टिश्यू पाकळीवर आपले ठसे सोडतो. खालून वर असा थर लावा: पन्हाळीदार पुठ्ठा, दोन टीपकागद, एक साधा पातळ कागद, त्यावर एकमेकांना न चिकटणारी फुलं, पुन्हा पातळ कागद, दोन टीपकागद, पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या पन्हाळीतून हवा खेळते आणि दमटपणा बाहेर पडतो.

पहिले टीपकागद 24 तासांत बदला, पुढचे तिसऱ्या दिवशी आणि नंतर हाताला ओलसर लागतील तेव्हा. बदलताना ओलं फूल पातळ कागदावरून सोडवू नका, पाकळी फाटते. पातळ कागद फुलासकट तसाच उचला आणि फक्त टीपकागद बदला. पातळ फुलांना दोन आठवडे, जाडसर फुलांना चार आठवडेही लागतात. वाळलं की नाही हे पाहायला फूल ओठाला हलकेच लावा (विषारी किंवा चिकाचं फूल असेल तर हे करू नका). गार लागलं तर आत अजून पाणी आहे. पाकळी कुरकुरीत वाटते, पण मधला भाग आणि देठ ओला असतो, आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

कॉसमॉस, पॅन्सी, व्हर्बेना, नेच्याची पानं सहज दाबली जातात. गुलाब, झेंडू, झिनिया अख्खी दाबू नका. गुलाबाच्या पाकळ्या सुट्या वाळवून कार्डावर पुन्हा फूल रचा, किंवा धारदार पात्याने फूल उभं अर्धं कापा. जास्वंदाच्या पाकळीत बुळबुळीत द्रव असतो, त्यामुळे ती कागदाला घट्ट चिकटते. तिच्या पाकळ्या सुट्या करून दाबा आणि पूर्ण वाळेपर्यंत सोडवायचा मोह टाळा.

रंगाबाबत अपेक्षाही बेताची ठेवा. गडद लाल वाळल्यावर काळपट होतो, पांढरा पिवळसर पडतो. पिवळा आणि नारिंगी त्यामानाने चांगले टिकतात.

इस्त्री आणि मायक्रोवेव्ह

घाई असेल तर दोन्ही चालतात, पण वाफेची इस्त्री मुळीच नको, कारण ती उलट पाणी घालते. इस्त्रीतलं पाणी काढून टाका, उष्णता मंद ठेवा, कागदाच्या घडीत फूल ठेवून 10 ते 15 सेकंद नुसतं दाबा, उचला, गार होऊ द्या आणि पुन्हा दाबा. इस्त्री फिरवली की पाकळ्या सरकतात. मायक्रोवेव्हमध्ये दोन साध्या सिरॅमिक टाइल्समध्ये कागद आणि फूल ठेवून कमी शक्तीवर 20-30 सेकंद चालवा, मग टाइल्स उघडून वाफ जाऊ द्या. सलग दोन मिनिटं चालवलं तर फूल शिजतं आणि तपकिरी होतं. धातूची क्लिप किंवा सोनेरी-चंदेरी काठाची टाइल आत जाता कामा नये.

सिलिका जेल

सिलिका जेल म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. फुलाचा आकार जसाच्या तसा ठेवायचा असेल तर हाच उत्तम मार्ग. डब्यांतल्या पुड्यांमधले मोठे मणी वापरले तर पाकळीवर खळगे पडतात, म्हणून साखरेच्या दाण्याएवढं किंवा त्याहून बारीक जेल घ्या. हवाबंद डब्यात तळाला दोन-तीन सेंटिमीटर थर द्या, फूल वर तोंड करून बसवा, आधी भोवतीने आणि मग पाकळ्यांच्या मध्ये चमच्याने हळूहळू जेल सोडा. एकदम ओतलं की पाकळ्या चपट्या होतात. पातळ फुलं दोन-तीन दिवसांत वाळतात, गुलाबाला आठवडा लागू शकतो. फार दिवस ठेवलं तर पाकळ्या हात लावताच तुटतात.

फूल वाळत नसेल तर जेल आधीच ओलाव्याने भरलेलं असू शकतं. निळे दाणे ओलाव्याने गुलाबी होतात, नारिंगी सहसा हिरवे. निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरतात, ते विषारी आहे. नारिंगी घेतलेलं चांगलं. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंश सेल्सिअसला दोनेक तास ठेवलं की जेल पुन्हा कामाला येतं.

उलटे टांगलेले गुच्छ

आठ-दहा देठांपेक्षा मोठा गुच्छ बांधू नका, मधली फुलं बुरशी धरतात. सुतळीऐवजी रबरबँड वापरा. देठ वाळून आकसतात आणि सुतळीतून निसटतात. जागा अंधारी आणि हवेशीर हवी. हेलिक्रायसम (कागदासारख्या कडक पाकळ्यांचं फूल) तोडल्यावरही उमलत राहतं, म्हणून ते अर्धवट उघडलेलं असतानाच तोडा.

जाळीदार पानं

पिंपळ किंवा मॅग्नोलियासारखी पक्की, जून पानं घ्या. कोवळ्या पानाच्या शिरा गरासोबतच विरघळतात. साध्या पाण्यात भिजत घातली तर दोन ते चार आठवडे लागतात, आणि पाणी बदललं नाही तर दुर्गंधी सुटते. लवकर हवं असेल तर 1 लिटर पाण्यात साधारण 100 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर दीड ते तीन तास उकळा. इथे दोन चुका नेहमी होतात: एक म्हणजे खाण्याचा सोडा वापरणं, तो पुरेसा तीव्र नसतो. दुसरी म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं. सोडा ते खातो. स्टेनलेस स्टीलचं, फक्त या कामासाठी ठेवलेलं भांडं घ्या, हातमोजे घाला. नंतर पान सपाट ताटलीत पाण्याखाली ठेवून मऊ ब्रशने हलकेच टिपत गर काढा. घासलं की जाळी फाटते. गर सुटत नसेल तर जोर न लावता पान पुन्हा उकळायला टाका.

चिकटवताना

कार्ड मात्र वाकतं ते डिंकातल्याच पाण्यामुळे. मागच्या बाजूला टूथपिकने चार-पाच बारीक ठिपके पुरतात. एक देठाशी, एक मध्यभागी, बाकी पाकळ्यांच्या टोकांशी. वर पातळ कागद ठेवून वजनाखाली रात्रभर राहू द्या. फूल बोटांनी उचलू नका, सपाट चिमटा किंवा किंचित ओलसर कुंचल्याचं टोक वापरा. गरम लॅमिनेशन फक्त पूर्ण वाळलेल्या, अगदी पातळ फुलांनाच करा. ओलावा असेल तर वाफ अडकून फुगे येतात.

रेझिनमध्ये बुडबुडे फुलाच्या आतल्या हवेतूनही येतात. फुलाला आधी रेझिनचा पातळ हात देऊन सुकू द्या, मग साच्यात थर ओता. रेझिन आणि हार्डनरचं (रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाचं) प्रमाण वजनाने आहे की आकारमानाने, हे डब्यावर वाचा. ते चुकलं तर रेझिन चिकटच राहतं आणि नंतर काही केल्या सुधारत नाही. खिडक्या उघड्या आणि हातात मोजे हवेतच.

मेणबत्तीवर वाळलेली फुलं लावायची तर ज्योत कधीच त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही अशीच लावा. वाळलेलं फूल दुसऱ्या वातीसारखं पेटतं. बारीक मेणबत्तीवर ती लावूच नयेत.

नंतरची काळजी

थेट उन्हात रंग काही आठवड्यांत उडू लागतो. फ्रेम खिडकीसमोर किंवा न्हाणीघरालगतच्या ओलसर भिंतीवर लावू नका, आणि काच फुलाला चिकटणार नाही इतकं अंतर राहील अशी जाड चौकट घ्या.

साठवलेल्या फुलांच्या तळाशी बारीक भुकटी दिसली तर कीड लागली आहे. हवाबंद पिशवीत घालून ती फुलं आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास थांबा, नाहीतर गार फुलांवर हवेतलं पाणी जमतं आणि त्यांना पुन्हा वाळवावं लागतं.